न ऐकलेलं डफडं

बाबा, मी अजून नाचते. तुम्हाला आवडणार नाही, तरी सांगते. हॅमिल्टनच्या हॉस्पिटलातली नोकरी तीच आहे आणि शनिवारी चर्चच्या बेसमेंटमध्ये घानाच्या बाईंचा क्लासही तोच. त्या त्यांच्या गावचा सुगीचा नाच शिकवतात, गुडघ्यात वाकून, अनवाणी पायांनी जमीन दाबत; आणि ढोल तोच ठेवून मध्येच रस्त्यावरचं हिप-हॉप सुरू करतात. दोन्ही एका अंगात बसवताना पहिलं वर्षभर माझी नुसती फजिती झाली.

तुम्ही इथे आलात त्या उन्हाळ्यात आमचा कार्यक्रम होता. मी तुम्हाला मोठ्या हौसेने पहिल्या रांगेत बसवलं. नाच संपल्यावर रिवाजाप्रमाणे आम्ही ढोल वाजवणाऱ्यांपुढे वाकून जमिनीला हात लावला. मान वर केली, तर तुमची खुर्ची रिकामी. तुम्ही पार्किंगमध्ये गाडीला टेकून उभे होता.

गाडी सुरू केल्यावर बोललात. "काय करून राहिली होती तू? ढोलापुढं वाकून राहिली? तुझ्या आजोबाच्या गळ्यात गावानं डफडं अडकवलं होतं. दीक्षा घेतल्यावर त्यांनी ते फेकलं, अन् तू इथं हौसेनं..."

"बाबा, यांच्यावर ते कुणी लादलेलं नाही. त्यांचं स्वतःचं आहे. तुम्हाला उगाच लाज वाटते."

"लाज नाही वाटत. मले वाजवता येते ते."

आजोबांनी डफडं फेकलं तेव्हा तुम्ही शाळेत होता, म्हणजे त्याआधीच शिकला असणार. मी तुमच्या हातात जन्मभर फक्त ऑफिसच्या फायली पाहिल्या होत्या.

आता बेसमेंटमध्ये ढोल सुरू झाला की तुमची इतकी आठवण येते की पाय चुकतात. तुमचा ताल कसा होता, तेवढं एकदा ऐकायचं राहिलं. हे पत्र नागपूरला पाठवलं तर आई तुमच्या हार घातलेल्या फोटोपुढे मोठ्याने वाचेल आणि रडत बसेल, म्हणून माझ्याजवळच ठेवते.

त्या दिवशी "वाजवून दाखवा ना" म्हटलं असतं, तर तुम्ही डॅशबोर्डवरसुद्धा वाजवलं असतं. माझे सगळे हट्ट तुम्ही पुरवलेत. मी म्हटलं नाही. घरी पोचेपर्यंत मी एवढ्याचीच वाट पाहत होते, की कधीतरी तुम्ही म्हणाल, पोरी, चांगली नाचलीस.