फळ्यावर मी पुढे

४ फेब्रुवारी
मालक स्टँडजवळ बॅगदुरुस्तीचं दुसरं दुकान काढतायत. जो सांभाळेल त्याला वरची खोली. आम्ही कारागीर दोनच. एक मी, दुसरे काका. काकांना मी मनात गोगलगाय म्हणतो, एका चेनला अर्धी दुपार लावतात. म्हणजे खोली माझीच. आईला इकडे आणायचं. फोन करून सांगूनही टाकलं. ती बरं म्हणाली. आनंदाने बोलता येईना बिचारीला.

६ फेब्रुवारी
मोबाईलवर एक कोटवाला सांगत होता, धंदा मनाने नको, आकड्यांनी चालवा. आकडेही तीनच धरा, जास्त धरले की डोक्याचा भुगा. मालकांना पटलं. दुकानात फळा लावला. दिवसाला बॅगा किती, एका बॅगेला वेळ किती, गिऱ्हाइकं परत किती आली. कोटवाला म्हणतो, परत येणारं गिऱ्हाईक म्हणजे सोनं.
मालकांना म्हटलं, नवं दुकान कोणाला ते फळाच ठरवू दे, वशिला नको. मालक म्हणाले, मग नंतर रडायचं नाही. मी हसलो. काका चेनला मेण घासत म्हणाले, लावा बाबा काय लावायचं ते.

९ फेब्रुवारी, दुपार
काका माझ्या निम्म्यावरही नाहीत. माझी युक्ती सोपी. चेनचा रनर सैल झाला की पक्कडीने दाबायचा, गिऱ्हाईक खूश. काका मात्र शिवण उसवून नवा रनर घालतात. मला म्हणाले, अरे, दाबलेला रनर म्हणजे चार दिवसांचा पाहुणा. म्हाताऱ्यांना स्पीड पचत नाही.

१३ फेब्रुवारी
तिसऱ्या रकान्यातही आघाडी! परत आलेली गिऱ्हाइकं माझी सात, काकांचं एकही नाही. शाळेतल्या बाई तर दोनदा आल्या. म्हणाल्या, काय रे तुझ्या हाताचा गुण, वरून बंद केली की मधूनच उघडते! हाताला गुण आहे हे शिकलेल्या माणसाने सांगितलं. आकडा मोठ्या अक्षरात लिहिला.

१७ फेब्रुवारी
दाराबाहेर रांग. सगळी माझी माणसं. एक ड्रायव्हर ओरडला की भर रस्त्यात बॅगेने जबडा वासला, आतलं नको ते सगळ्यांनी बघितलं. ओरडू दे. माणूस आपल्या माणसावरच ओरडतो.
मालक फळ्यापुढे बराच वेळ उभे होते. चष्मा पुसला, परत बघितलं. भारावले असणार.
उद्यापासून लवकर उठणे. कमी बोलणे. मालकांसारखं सावकाश चालणे.

१८ फेब्रुवारी
उठणं झालं नाही. नव्या खोलीत उठेन, तिथे उजेड चांगला येतो.

२० फेब्रुवारी, संध्याकाळ
दगा! दुकान गोगलगायीला!
मालक म्हणाले, फळ्याने ठरवलं. मी तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. तर म्हणे, अरे शहाण्या, आपण काय केस कापतो का, गिऱ्हाईक महिन्याला यायला? नवी बॅग घेऊन आलं असतं तर तुला डोक्यावर घेतलं असतं. तुझं प्रत्येक गिऱ्हाईक तीच बॅग घेऊन आलंय.
हे आधी का नाही सांगितलं, विचारलं. म्हणाले, मला वाटलं तुला कळतंय. मी तर बायकोला सांगत होतो, पोरगा केवढा प्रामाणिक, स्वतःच्या चुका एवढ्या मोठ्या अक्षरात लिहितो!
काकांनी खांद्यावर हात ठेवला. अस्तनीतला निखारा. म्हणाले, बस, रनर बदलायला शिकवतो. बसलो नाही.
कोटवाल्याच्या व्हिडिओखाली चार शब्द लिहिले. त्याने लगेच मला ब्लॉक केलं. तोही मालकांना सामील दिसतो.

२१ फेब्रुवारी
आजपासून माझं काम एकच, परत आलेल्या बॅगा.
आईला फोन केला. म्हटलं, खोलीला ओल आहे, तुझे गुडघे धरतील, इतक्यात नको येऊस. तिचा आवाज एकदम मोकळा झाला. म्हणाली, बरं झालं बाई! मला यायचंच नव्हतं. दिवसभर तू कामावर, मी काय भिंतीशी बोलू? पण तुझा हिरमोड होईल म्हणून जीभच रेटेना, मावशीला विचारत होते कसं सांगू.
म्हणजे मावशीलाही माहीत होतं.
मग तिने विचारलं, जेवलास का? नाही म्हटलं. तेवढं खरं होतं.