चौथी काच

३ मार्च, सोमवार
साप्ताहिक नखतपासणी. मुलगा पास. सूनबाई पास, नेलपॉलिशखाली काय दडलंय ते देव जाणे. नात ठकू, वय सहा, नापास. तीन दिवस बूड खाजवते, झोपेत तळमळते. डॉक्टरीणबाईंनी मिनिटात सांगितलं: जंत. पांढरे, दोऱ्यासारखे. घरातल्या चौघांनीही एकेक गोळी घ्यायची, पंधरा दिवसांनी पुन्हा. मी म्हटलं, मला शिकवू नका. प्राणिशास्त्राची पदवीधर आहे. तीस वर्षं शाळेत नखं तपासली.
कारभार माझ्याकडे. महिन्यात घर साफ.
तिघांना गोळ्या दिल्या. पाकीट फोडायला करंगळीचं नख बरं पडतं, म्हणूनच ते राखलंय. चौथी गोळी डब्यात परत. मी दोनदा आंघोळ करते, बाहेरचं खात नाही. मला कशाला? वहीत मात्र चौघांपुढे खूण केली. रिकामा चौकोन बघवत नाही.

९ मार्च, रविवार
चादरी उकळल्या. कॉलेजचं पुस्तक काढलं. मादी झोपेच्या वेळी बाहेर येऊन अंडी घालते. ती नखांत जातात, चादरीत, धुळीत. डोळ्यांना दिसत नाहीत. आठवडे टिकतात. पुस्तक मिटलं, पण मनातून जाईना. उशी झटकली की वाटतं, काहीतरी उडालं. कड्या पुसल्या. पुन्हा पुसल्या.
मलाही बसल्या जागी कसंतरीच होतं. खुर्चीची गादी जुनी झालीय. बदलणार.

१८ मार्च, मंगळवार
दुसरी गोळी. तिघांना. खुणा चार. नवी गादी आली, जुनी भांडीवालीला दिली. फरक नाही. कापड बनावट असावं.

२८ एप्रिल, सोमवार
ठकूला पुन्हा तेच. म्हणजे शत्रू घरात ये-जा करतो. संशय भांडीवालीवर. हात दाखव म्हटलं. म्हणाली, बाई, घासून घासून माझी बोटंसुद्धा झिजली, नखं कुठली बघता? तुमच्या करंगळीला मात्र खतपाणी चांगलं दिसतंय! तोंडाळ. संशय कायम.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सगळ्यांनी घेतली ना? वही दाखवली. पुन्हा गोळ्या, पुन्हा खुणा.
मुलगा म्हणतो, ठकूला आमच्या खोलीत झोपवू. साफ नकार. हे गेल्यापासून पलंगाची भिंतीकडची बाजू तिची आहे. तिला माझ्याशिवाय झोप येत नाही.

४ मे, रविवार
सुट्टीसाठी सूनबाईने ठकूला आजोळी नेलं. ठकूची दुसरी गोळी सोबत. निघताना सूनबाई म्हणाली, आई, तिघांची नखं तुम्ही बघता, तुमची कोण बघतं? हेडबाईंची नखं कोणी बघत नसतं.
भिंतीकडची बाजू रिकामी. पंखा फार मोठ्याने फिरतो. कोणीतरी आहे असं वाटून चादर उचलून पाहिली. कोणी नाही. खाज उष्णतेची असावी.

१ जून, रविवार
विहीणबाईंचा फोन. पोर ढाराढूर झोपते म्हणे, खाजवणं नाही की काही नाही. त्यांच्याकडे कुत्रा, मातीत खेळणं, आंघोळ मनाला येईल तेव्हा. एवढं हसून सांगायची गरज नव्हती.

८ जून, रविवार
ठकू परत. माझ्या हाताने घास भरवले. कुशीत घेतलं. पंख्याचा आवाज थांबला.

२० जुलै, रविवार
पुन्हा. ठकू रडत म्हणाली, आजी, किडे आपल्याच पलंगावर का येतात? मुलाने तिला माझ्या पलंगावरून उचलून घेतलं. ते जास्त लागलं. सूनबाईने माळ्यावरून मोठी बॅग काढली. म्हणाली, या वेळी मूळ सापडलं नाही, तर मी ठकूला घेऊन माहेरीच राहते, शाळाही तिथलीच बघते.
मूळ मी शोधणार. वचन दिलं.

२१ जुलै, सोमवार. सकाळी ६
तपासणी. उठल्याबरोबर, आंघोळीआधी, चिकटपट्टी त्या जागी लावायची, मग काचेवर. कॉलेजात अशा शेकडो काचा केल्या आहेत. पहिली मुलगा, दुसरी सूनबाई, तिसरी ठकू. चौथी माझी, केवळ शिस्त म्हणून. चारही काचांवर नावांच्या चिठ्ठ्या लावल्या, आज लॅबात जातील. भांडीवालीलाही पट्टी लाव म्हटलं, तर तिने ती माझ्याच तोंडावर लावायची तयारी दाखवली.

२२ जुलै, मंगळवार
लॅबवाल्याचा फोन. तिसरीत अंडी थोडी. चौथीत विचारू नका.
मी म्हटलं, चिठ्ठ्या अदलाबदल झाल्या असतील. तो म्हणाला, अक्षर इतकं सुवाच्य आहे बाई, चूक होणं शक्यच नाही.

२३ जुलै, बुधवार
गोळी घेतली. पहिलीच. डब्यातल्या जुन्या चार सूनबाईने वहीवर ओळीने मांडल्या. भांडली असती तर बरं झालं असतं.
ठकू नेलकटर घेऊन आली. म्हणाली, आजी, हात पुढे. केले. करंगळीचं नख टक्कन उडालं. नापास, म्हणाली. मग हळूच म्हणाली, पुढच्या सोमवारी पास होशील.
बॅग माळ्यावर गेली. ठकू आईच्या खोलीत, माझी दुसरी गोळी होईपर्यंत. चादरी उकळल्या. भिंतीकडची बाजू मोकळी ठेवून झोपायचं. इतके महिने चादर उचलून ज्याला शोधत होते, ते उचलणाऱ्या हातातच होतं.
खुर्चीची गादी निर्दोष. भांडीवालीही. उद्या तिची माफी मागायची आहे. पंखा बंद केला, तरी ती काय काय बोलेल ते आत्तापासूनच ऐकू येतंय.