शनिवार-रविवारी वाचावे असे काही

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
ऑफिसच्या वाचन मंडळाचे अध्यक्ष रिटायर झाले. सोमवारी मॅनेजरबाई नवा अध्यक्ष नेमणार. माझ्याशिवाय आहे कोण? कॅशियर इच्छुक आहे म्हणे. त्याचं वाचन म्हणजे औषधाच्या बाटलीवरचं लेबल.
बाईंनी दोघांनाही सांगितलंय, सुट्टीत वाचण्याजोगं काय ते ग्रुपवर सुचवा आणि सोमवारी त्यावर चार शब्द बोला. येताना चार पुस्तकं आणली. श्रद्धा, संस्कृती, कविता, फोटोग्राफी. रविवारपर्यंत चारही संपवणार. कॅशियरने एकच सुचवलंय, तेही कवितांचं, पातळसं. कीव येते.

शनिवार, १५ नोव्हेंबर. सकाळ
लवकर उठणार होतो. उठलो नाही. पेंगत श्रद्धेवर वाचणं हा त्या विषयाचा अपमान आहे.
पुस्तकांवरचं प्लास्टिक तूर्त काढलं नाही. या घरात कोण कुठे चहाचा कप टेकवेल, नेम नाही. मागचं कव्हर बाहेरूनही दिसतं. जाणकाराला तेवढ्यावरून आवाका कळतो.

शनिवार, दुपार
मेहुणा आला. आल्या आल्या सोफ्यावर आडवा. विचारतो, दाजी, एवढं सगळं तुम्ही वाचणार? म्हटलं, वाचणं वेगळं आणि डोळे फिरवणं वेगळं. तो म्हणाला, यातलं कुठलं सुरू झालंय? असल्या माणसांमुळेच संस्कृती बुडाली. त्याला समजावून दमलो. जरा पडतो.

शनिवार, संध्याकाळ
जाग आली तर खिडकीत सुरेख ऊन. फोटोग्राफीवर वाचत बसण्यापेक्षा फोटो काढणं केव्हाही श्रेष्ठ. चारही पुस्तकं खिडकीत रचली, शेजारी माझा वाचायचा चष्मा. मेहुण्याचा पाय मध्ये येत होता, हटवला. कव्हरं अशी चकाकली की बस. ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, 'कालपासून यांच्यात बुडालोय.' धडाधड अंगठे आले. कॅशियरने नुसतं 'छान' लिहिलं. जळला.

रविवार, १६ नोव्हेंबर
श्रद्धेला हात घालणार तोच बायकोने पंखे पुसायला लावले. म्हटलं, उद्या माझं भाषण आहे. म्हणाली, भाषणाला तोंड लागतं, हात मोकळेच आहेत.
दुपारी मुलीला मागची कव्हरं मोठ्याने वाचायला लावली आणि ऐकून भाषण पाठ केलं. झकास झालंय.
खरं सांगायचं तर इतकी वर्षं आवक-जावकमध्ये शिक्के मारतोय. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण शिक्क्यासाठीच येतो. एकदा तरी कुणी येऊन विचारावं, साहेब, काय वाचू? फार वाटतं.

सोमवार, १७ नोव्हेंबर
बाईंनी माझा फोटो मोठ्या पडद्यावर लावला. भाषण रंगात आलं होतं. तेवढ्यात टायपिस्टबाईंनी विचारलं, पुस्तकांवर चमकतंय ते प्लास्टिक आहे का? सगळे माना पुढे काढून बघायला लागले. मी सांगितलं, पुस्तकं जपायची माझी पद्धत आहे. मॅनेजरबाई म्हणाल्या, बुडालात खरे, पण भिजला नाहीत.
मग कॅशियर उठला. भाषण वगैरे नाही, एक कविता म्हटली, न बघता. बाईंनी ती पुन्हा म्हणायला लावली. मलाही जरा कसंतरी झालं. पंख्याचा वारा लागला असेल.
अध्यक्ष तो. फोटोला उजेड चांगला साधलाय म्हणून मंडळाचा फोटोग्राफर मी. पहिला फोटो नव्या अध्यक्षांचा. डोळे मिटलेले आले होते, पुन्हा काढावा लागला.

सोमवार, संध्याकाळ
म्हटलं, कविता तरी उघडू. प्लास्टिक फाटलेलं. काल मेहुण्याने निम्मं पुस्तक वाचलं, पानात बसचं तिकीट खुणेला ठेवलंय. बायको म्हणाली, तो घेऊनच जात होता, मीच अडवलं त्याला. सांगितलं, ह्यांचं अजून सुरू व्हायचंय.
पहिलं पान उघडलं. अक्षरं दिसेनात. चष्म्यासाठी सगळं घर पालथं घातलं.
शनिवारपासून खिडकीतच होता.