माझ्याकडून गेलेलं

३ मार्च
दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या! शिवणाच्या दुकानातले मास्तर म्हणाले, "बाई, आता गिऱ्हाईकही तसंच शोधून आणा." सगळे हसले. मीही हसले. कात्री ठेवून दिली.

४ मार्च
मापांचे हिशेब हे करायचे. "आकडे माझे, कापड तुझं." हे गेले आणि माझ्या चुका उघड्या पडल्या. लोक म्हणतात, दुःखानं होतं असं.

११ मार्च
डॉक्टरीणबाईंना छातीतली धडधड सांगितली, आकड्यांचा गोंधळ सांगितला. त्यांनी भलतंच विचारलं — पाळी कधी गेली? छत्तिसाव्या वर्षी. मुलं किती? एकच लेक. मग रक्त घेतलं.

२ एप्रिल
रिपोर्ट आला. जनुकात थोडा बदल आहे, जन्मापासूनचा. अशा काही बायकांचा जीव सतत धास्तावलेला असतो, हिशेब अडतात, पाळी लवकर जाते. म्हणजे मी वेंधळी नव्हते! हे ह्यांना सांगायला हवं, असं मनात आलं. मग आठवलं.

"सगळंच जनुकावर ढकलू नका हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "थोडं दुःखाचंही असेल." असेल. पण कुठलं कशाचं, ते कसं ओळखायचं? शिवण असती तर उसवून बघितली असती.

निघताना म्हणाल्या, "हा बदल लेकीत आला असेल, तर तिच्या मुलात तो वाढू शकतो. मग मुलाची समज वाढायला अडचण येते. तिला आधी सांगा."

लेकीला मूल हवंय. लग्न झाल्यापासून वाट बघतेय.

५ एप्रिल
वाचनालयात बसून जनुकांवरचं पुस्तक वाचलं. लेकीत येण्याची शक्यता निम्मी. निम्मी म्हणजे किती, हे मात्र मला न चुकता कळलं.

६ एप्रिल
लेकीला फोन केला. "जेवलीस का?" विचारलं. ठेवला.

९ एप्रिल
परत केला. "आई, आवाज का असा?" "सर्दी झालीय गं." खोटारडी!

ही भीती त्या बदलाची, की आईपणाची? कुणाचीही असो, बोलायचं मलाच आहे. दुसरं आहे कोण?

१२ एप्रिल
सांगून टाकलं, एका दमात. लेकीनं ऐकून घेतलं. मग "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. दिवसभर घरात वावरले, काय केलं आठवत नाही.

१३ एप्रिल
सकाळीच तिचा फोन. "आई, सहा महिने झाले, मला पाळीच आलेली नाही. दिवस गेलेले नाहीत, तपासून झालं. तू घाबरशील म्हणून बोलले नाही. ये ना गं."
निघते.