नळीतली दोरी

५ नोव्हेंबर
बालाघाट आवडलं! दुर्गाबाईंनी आल्याआल्या भाकर-वांगं पुढे केलं, वर टोमणाही मारला, ‘बाई, लइच वाळल्या तुमी.’ माझ्या धाकट्या भावाला, कुशलला यांनीच खोली दिली होती. त्याची फायबरची जुनी मोटारबोट अजून अंगणात आहे. गेल्या वर्षी तो तिच्यातून वैनगंगेत गेला. नाव सापडली, तो नाही. ती दुरुस्त करून एकदा तिच्यात बसायचं आहे. आणि त्याचं काय झालं, तेही कळलं तर... शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, मनातलं रोज लिहीत जा. म्हणून ही वही.

९ नोव्हेंबर
काम चैतराम करतो, कुशलचा मित्र. आज तळाच्या फळ्या उचकटल्या. खाली लांबीने दोन वासे, वरून फायबर चढवलेलं. त्यांना स्ट्रिंगर म्हणतात. आतलं लाकूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं झालंय. डाव्या वाशालगत नळी आहे, तिच्यातून सुकाणूची केबल मागे इंजिनाकडे जाते. जुनी केबल ओढून काढताना शेपटाला दोरी बांधायची, म्हणजे दोरी आत राहते आणि तिच्यामागून नवी केबल येते. बोर्डिंगात परकराची नाडी आम्ही अशीच बदलायचो. हसू आलं.

११ नोव्हेंबर
चैतराम म्हणतो, नवी केबल नळीतून नको, कडेकडेने नेऊ. नळीचं मागचं तोंड त्याने फायबरने बुजवलंसुद्धा, मला न विचारता! जुन्या केबलमागून ओढलेली दोरी तशीच आत. कारण विचारलं तर, ‘सोडा न थे, ताई.’ दुर्गाबाईही नजर चुकवतात. आत काय लपवलंय या दोघांनी?

१२ नोव्हेंबर
चैतराम सामान आणायला गोंदियाला गेला. मी पुढच्या बाजूने दोरी ओढली. अडली. मग सैल झाली. मग हातभर परत आत गेली.
उंदीर असेल. पण उंदराला एवढा जोर?

१३ नोव्हेंबर
चैतरामला सरळ विचारलं. आधी चिडला, मग रडू लागला. म्हणाला, ‘मी बी ओढलो होतो. पलीकून जे ओढे, थे कुशलभाऊ नोहोते, ताई. बुजूनच राहू द्या.’
कुशलला पाण्यात ढकलणारा याहून वेगळं काय सांगेल? त्याला घालवून दिलं.

१४ नोव्हेंबर, दुपार
मागचं तोंड मीच फोडलं. दोरीचं टोक तिथे नाही. आरपार उजेड दिसायला हवा — दिसत नाही. आतून ओल येते. नाव तर वर्षभर पाण्याबाहेर आहे.

जरा वेळाने
पुन्हा पुढे बसले. दोरी घसरते म्हणून उजव्या मनगटाला वेढे घेतले, डाव्या हाताने लिहिते आहे. मी ओढते, थांबते — मग तिकडून —
दुर्गाबाई ओसरीवरून ओरडताहेत, ‘सोडा, बाई! सोडा थे दोरी!’
सोडली आणि कुशलच असला तर?
हात गार पडला — वेढे सुटत नाहीत —
नळी तर दोन बोटांची. मग माझा हात कोपरापर्यंत आत कसा —