तुझं माहेरचं नाव

आई, परवा रात्री मी तुझ्यासाठी चालले. स्तनाच्या कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या गरीब बायकांसाठी पैसे जमवायला इथं नाइट वॉक ठेवला होता. क्रांती चौकातून निघायचं, फिरून परत तिथंच यायचं. प्रत्येकीच्या पाठीवर गुलाबी कापड आणि त्यावर जिच्यासाठी चालायचं तिचं नाव. तुझं नाव मी घरी बसून मार्करनं लिहिलं, वरून पुन्हा गिरवलं. तू गेलीस तेव्हा मी अकरावीत होते, आता माझी लेक अकरावीत आहे. एवढ्या वर्षांत तुझ्यासाठी काही करायला मिळालं नव्हतं, म्हणून जरा मिरवतच गेले. बूटसुद्धा नवे घेतले होते. तू हसली असतीस.

आणि तिथं खाला भेटली. आपल्या बजाजनगरच्या घरामागच्या गल्लीत राहायची ती, तुझी चितेगावच्या शाळेपासूनची मैत्रीण. आता थकलीय, गुडघ्यांना पट्टे बांधून सुनेबरोबर आली होती. माझ्याकडे पाठ करून पाणी पीत होती, तेव्हा तिच्या पाठीवरचं नाव दिसलं. तुझं माहेरचं नाव. लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि त्या दिवसापासून जे कुणी घेईनासं झालं, ते. मामासुद्धा तुला नुसतं ताई म्हणायचा. लोक म्हणतात ना, दुसऱ्याचं बघून पोटात दुखतं, तसं माझ्या पोटात दुखलं. तुझं नाव घेऊन चालायला मी आले होते, आणि ही बाई माझ्याआधी येऊन, माझ्याकडे नसलेलं नाव पाठीला लावून उभी!

तसं ते नाव मला ठाऊक होतं. मी दुसरी-तिसरीत असेन. तू ओट्यापाशी भाकरी थापतेयस, खाला खाली बसून मेथी निवडतेय, आणि बोलता बोलता ती तुला त्या नावानं हाक मारते. तू ‘ओ’ देतेस. मला किंवा बाबांना देतेस तसा नाही, मोठ्या मैदानात खेळताना द्यावा तसा मोकळा. मला गंमत वाटते, मीही त्याच नावानं हाक मारते. तू पिठाच्या हातानंच माझ्या पाठीत धपाटा घालतेस. “ते नाव तुझ्यासाठी नाय. तुला मी आई हाय, कळलं?” खाला हसते. फ्रॉकवर पिठाची बोटं घेऊन मी पायरीवर जाऊन बसते. तेव्हापासून ती बाई मला आवडली नाही. तिच्याकडचा शीरखुर्मा मात्र मी वाटी पुसून खायची.

पुढं गाठ लागली तेव्हाही तू आधी तिलाच सांगितलंस. मला सांगितलंस ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, का तर माझी दहावी होती. दवाखान्यात ती, रेडिएशनचा शेक घ्यायला जाताना रिक्षात ती, आणि मी घरी कुकर लावायला. तुझे केस गेले तेव्हा तिनं स्वतःचा सुती दुपट्टा तुझ्या डोक्याला बांधला, आणि आरशात बघून तुम्ही दोघी इतक्या हसलात की मी दाराबाहेर उभी राहून रडले. तुझं दुखणंसुद्धा माझ्या वाट्याला पुरतं आलं नाही, आई. कुणाला हसू येईल, पण मला त्या दुखण्याचाही हेवा वाटायचा.

परवा निघाल्यावर ती माझ्या मागंच. “अगं, इत्ती घाई काय करतीस? गुडघे हायत माझे, स्कूटर नाय.” मी मुद्दाम आणखी भराभर चालले. मग नवे बूट चावायला लागले आणि झक मारत तिच्या चालीनं चालावं लागलं. ती बोलतच होती. तू शाळेतून येताना चिंचा पाडायचीस, मास्तरांची नक्कल करायचीस. एकदा दोघी एका सायकलवरून ओढ्यात पडलात, तर तू आधी सायकल बाहेर काढलीस आणि मग तिला. मला यातलं काही माहीत नव्हतं. “तेरेकू नाय सांगितलं तिनं?” तिनं विचारलं. मी म्हटलं, सांगितलंय की.

चौकात परत आल्यावर एकेक नाव माइकवर वाचून त्या नावाची पणती लावायची होती. मी टेबलामागच्या मुलीला गाठलं. “ही दोन नावं एकाच बाईची आहेत,” म्हटलं. “हो का? मग एक काढते मॅडम. कुठलं काढू?” मला उत्तर येत होतं. पण मी तोंड उघडायच्या आत खाला म्हणाली, “माझं काढ, बेटा. ही तिची पोरगी हाय.” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इथंही मोठेपणा हिनंच घ्यायचा? “राहू द्या दोन्ही,” मी ठसक्यात म्हणाले, “दोघी वेगळ्या आहेत.” निव्वळ रागानं म्हणाले. मग माइकवर आधी तिच्या पाठीवरचं नाव आलं, नंतर माझ्या पाठीवरचं, आणि पणत्या शेजारी शेजारी लागल्या. तिच्या पणतीकडं बघताना वाटलं, ती सायकलवाली मुलगी मला कधी भेटलीच नाही. तिला ओळखणारी आता ही एकच उरलीय. स्टेजच्या पायऱ्या उतरताना मी तिला हात दिला. तिनं तो घरी जायला निघेपर्यंत सोडला नाही आणि मला तेही फारसं आवडलं नाही.

हे पत्र कुठं टाकणार, म्हणून कणकेच्या डब्याखाली ठेवतेय. एक मात्र सांगायचं राहिलं. आज घरात कुणी नव्हतं, तेव्हा ओट्यापाशी उभी राहून मी तुला त्या नावानं एकदा मोठ्यानं हाक मारली. आणि धपाट्यासाठी पाठ करून थांबले.