उलटं बसवलेलं इंजिन

प्रिय उपद्व्यापी,

रागावले आहे, तरी हाक जुनीच मारते. काल तुझं भाषण मागच्या रांगेत बसून ऐकलं. इंधनाचा थेंब न जाळता, नुसत्या विजेवर यान ढकलणारं आपलं इंजिन! मग तू माझ्याकडे बोट दाखवून म्हणालास, ही आमची शंकासुर, हिचीसुद्धा खात्री पटली. सगळे वळून बघायला लागले. मी लाजले रे, अगदी मनापासून.

इतकी वर्षं तू हवेत इमले बांधायचे आणि मी पायाखाली खणून बघायचं, असंच आपलं चालत आलं. फुकटात काही हलत नाही, हे माझं पालुपद. तू चिडायचास, पण चहा माझ्यासाठीही आणायचास. म्हणून तर आपण उलट्या फेरीचा नियम केला. इंजिन उलटं बसवायचं, बाकी कशालाही हात लावायचा नाही. ढकलणारं इंजिनच असेल, तर ज्या तराजूवर ते बसवलंय त्याचा काटा उलट दिशेला जाईल. प्रत्येक वेळी काटा हट्टाने पहिल्यासारखा उजवीकडेच जायचा आणि तुझं तोंड उतरायचं. मला वाईट वाटायचं, पण काट्याची कशी समजूत घालणार?

आणि त्या दिवशी तो डावीकडे गेला. इंजिन तू एकट्याने फिरवलं होतंस. मी रडले, तुझ्या पाठीत धपाटा घातला, आयुष्यात पहिल्यांदा हरल्याचा आनंद झाला मला.

आज सकाळी इंजिन उपग्रहात बसवायला द्यायचं म्हणून तराजू ठेवलेल्या चाचणीच्या टाकीचं झाकण काढलं. विजेची जाड केबल मी डावीकडून आणली होती, ती उजवीकडून आलेली. बांधलेल्या पट्ट्यांची शेपटं न कापता तशीच लोंबत होती. असं गबाळं काम आपल्याकडे एकच माणूस करतो. मी इंजिन काढून तिथे साधं लोखंडी वजन ठेवलं आणि वीज सोडली. केबल तापली, ताठ झाली, आणि काटा खुशाल डावीकडे गेला.

म्हणजे केबलच ढकलते, हे तुला माझ्याआधी कळलं होतं. चुकला असतास तर मी रात्रंदिवस तुझ्यासोबत राबले असते. पण तुला माझी खात्री पटवायचीच नव्हती, तिचा शिक्का तेवढा हवा होता. केसाने गळा कापलास. सगळ्यात जास्त लागलं ते त्या धपाट्याचं. तू तो हसत हसत खाल्लास.

केबल मी परत डावीकडे बांधली आहे. उपग्रह वर टिकणार तो याच इंजिनाच्या भरवशावर, म्हणून समितीने उद्या मला साक्षीला बोलावलंय. मी जे पाहिलं ते सांगणार. पण माझी पाळी तुझ्यानंतर आहे. तू स्वतःच सगळं सांगितलंस, तर मला बोलायला काही उरणार नाही. तेवढ्यासाठीच हे पत्र. मी मागच्याच रांगेत असेन. तू सांगशील की नाही, ही माझी शंका आज पहिल्यांदाच खोटी ठरावी असं वाटतंय.

अजून तरी तुझीच,
शंकासुर